घरी बांधलेल्या गाडीचा काढता येणारा टप

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी एम४० महामार्गावरून घरी, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला, परतत असताना माझ्या गाडीचे कापडी छत ताशी ६० मैलांच्या पुढे शिडासारखे फुगले, डाव्या बाजूची दोन टिचबटणे लागोपाठ सुटली आणि सुटलेली कड वाऱ्यावर फडफडू लागली. पुढचे वीस मैल माझी पत्नी ती कड हाताने घट्ट धरून बसली होती. पाऊस मोठा नव्हता, इथे नेहमी असतो तसा भुरभुर होता. तरी घरी पोचेपर्यंत तिची बाही कोपरापर्यंत चिंब झाली होती आणि बोटे इतकी गारठली होती की चहाचा कप तिला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरावा लागला. त्याच रात्री मी वहीत पहिली आकृती काढली. ती आकृती प्रत्यक्षात यायला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत जे करून पाहिले, जे चुकले आणि जे अखेर जमले, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मोटारीच्या छपराला मराठीत ‘टप’ हा नेमका आणि सुटसुटीत शब्द आहे. लहानपणी एसटीच्या टपावर ट्रंका आणि आंब्याच्या पेट्या चढवताना पाहिल्या असल्यामुळे माझ्या मनात टप म्हणजे माणूस उभा राहू शकेल इतकी भक्कम वस्तू असे पक्के बसलेले आहे. मला हवा असलेला टप तसा नव्हता. तो एका माणसाला एकट्याने उचलून बाजूला ठेवता आला पाहिजे, महामार्गाच्या वेगाला जागचा हलता कामा नये, आणि पावसात आतल्या दोन माणसांना कोरडे ठेवणारा हवा, एवढीच माझी मागणी होती. तिन्ही गोष्टी एकाच वस्तूकडून करून घेणे किती अवघड आहे हे मात्र काम सुरू केल्यावरच कळले.

गाडी सेव्हन पद्धतीची, म्हणजे दोन माणसांपुरती उघडी, आहे. लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली आणलेली सेव्हन सुट्या भागांच्या स्वरूपात विकली जात असे, कारण जोडून तयार असलेल्या गाडीवर ब्रिटनमध्ये जो खरेदीकर भरावा लागे तो सुट्या भागांवर लागत नसे. ग्राहक ती घरी जोडून घेत. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, आणि आजही त्याच आराखड्यावरून प्रेरणा घेऊन अनेक हौशी मंडळी आपल्या गॅरेजमध्ये चासीपासून सगळी गाडी स्वतः उभी करतात. माझी चासी २५ मिमी चौरस आणि १.६ मिमी जाडीच्या पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून केलेली आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका जुन्या माझ्दा एमएक्स-५ मधून काढलेला आहे. सगळी मिळून गाडी ६१० किलोची आहे. तिला खरे दरवाजे नाहीत, पुढच्या काचेच्या खांबांना बिजागऱ्यांनी अडकवलेले रेक्झिनचे पडदे आहेत, आणि छत म्हणजे चार वाकवलेल्या पट्ट्यांवर ताणलेले कापड. ज्यांनी गाडी बांधण्याआधी मला सल्ला दिला त्यांच्यापैकी कोणीही छपराबद्दल अवाक्षर काढले नव्हते, कारण या गाड्यांचे बहुतेक मालक पावसाचा अंदाज पाहून गाडी बाहेर काढतच नाहीत. मला तसे करायचे नव्हते. तीन वर्षे खपून बांधलेली गाडी वर्षातले चाळीस दिवस चालवायची आणि उरलेले दिवस तिच्यावर चादर घालून ठेवायची, हे मला पटत नव्हते.

सुरुवातीला मी इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहिले. ट्रायम्फची टीआर४ ही गाडी १९६१ पासून याच कॉव्हेंट्री शहरातल्या कॅनली इथल्या कारखान्यात बनत असे. तिला जादा किंमत देऊन एक वेगळ्या प्रकारचे छप्पर घेता येई: मागची काच तिच्या चौकटीसह कायमची बसवलेली, आणि तिच्यापासून पुढच्या काचेपर्यंतचा डोक्यावरचा भाग तेवढा उचलून काढता येणारा. पोर्शने ९११ टार्गा फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली ती त्यानंतर चार वर्षांनी, १९६५ मध्ये. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून तिचे नाव ठेवले गेले आणि पुढे तेच नाव या जातीच्या सगळ्या छपरांना चिकटले. १९७२ च्या फिआट एक्स१/९ चा टप काढून पुढच्या बॉनेटखाली ठेवता येत असे, कारण तिचे इंजिन मागे होते. १९९६ च्या लोटस एलिसने तर घडीव टपाचा नादच सोडला आणि दोन आडव्या काठ्यांवर गुंडाळता येणारे कापड दिले.

या सगळ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट समान होती आणि तीच माझ्याकडे नव्हती. त्यांच्या पुढच्या काचेची चौकट गाडीच्या सांगाड्याचाच भाग असते. तिला धक्का दिला तर गाडी हलते, चौकट हलत नाही. सेव्हनची पुढची काच म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीतली एक सपाट काच, आणि ती डॅशबोर्डच्या वरच्या पत्र्याला दोन बाजूंना दोन खांबांनी बोल्ट केलेली. वरच्या पट्टीला बोटाने ढकलले तरी ती लवते.

ती नेमकी किती लवते हे मोजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून रोल बारच्या (गाडी उलटली तर डोके वाचवणाऱ्या, सीटमागच्या नळीच्या कमानीच्या) उजव्या खांद्यापर्यंत आणि उलट बाजूने तसेच, असे दोन कर्ण मी दोरा ताणून मोजले. मग मागच्या डाव्या चाकाखाली जॅक लावून ते चाक जमिनीपासून उचलले आणि पुन्हा मोजले. एक कर्ण चार मिलिमीटरने वाढला होता, दुसरा तेवढाच आखडला होता. त्याखेरीज वाऱ्याचा जोर वेगळा. ताशी ७० मैलांना, म्हणजे सेकंदाला साधारण ३१ मीटर वेगाला, हवेचा गतिज दाब एका चौरस मीटरला सुमारे ६०० न्यूटन असतो. माझ्या काचेचे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरले तर तिच्यावर अठरा किलोचा भार सतत मागे रेटत राहतो. स्प्रिंगचा काटा लावून तेवढ्या जोराने मी वरची पट्टी मागे ओढली, तेव्हा ती तीन मिलिमीटर सरकली.

म्हणजे टप ज्या दोन आधारांवर टेकणार होता, त्यांतला एक स्थिर होता आणि दुसरा सतत हलणारा. टप दोन्हीकडे घट्ट आवळला असता तर प्रत्येक खड्ड्याला गाडीचा पीळ टपातून काचेकडे गेला असता आणि कधी ना कधी काच तडकली असती. मी पहिल्या आकृतीत अगदी हेच केले होते: चार कोपऱ्यांना चार बोल्ट. मोजमाप झाल्यावर ते पान मी फाडले नाही, त्यावर आडवी रेघ मारून पुढच्या पानावर नव्याने सुरुवात केली.

नव्या आराखड्यात टप रोल बारचा आहे, काचेचा नाही. रोल बार ४५ मिमी व्यासाच्या आणि अडीच मिमी जाडीच्या नळीचा असून थेट चासीला बोल्ट केलेला आहे; गाडीत त्याच्याइतकी निश्चल दुसरी वस्तू नाही. त्यावर टपाला दोन ठिकाणी खटक्यांनी पक्के बसवले. पुढच्या बाजूला टपातून दोन चपट्या जिभा बाहेर येतात आणि चौकटीला लावलेल्या खाचांमध्ये सरकतात. त्या खाचा टपाला वर उचलू देत नाहीत, पण पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सहा-सहा मिलिमीटर मोकळे सोडतात. चौकट आपल्या परीने हलत राहते, आणि टपाला त्याची तोशीस लागत नाही. हा निर्णय झाला आणि बाकीचे सगळे प्रश्न एकेक करून त्याच्याभोवती जागेवर बसत गेले.

वर उचलू न देणे हा शब्दप्रयोग मी जाणूनबुजून केला आहे. टप खाली पडेल अशी भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात धावत्या गाडीचा टप वर जाऊ पाहतो, कारण त्याच्यावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब आतल्या हवेपेक्षा कमी असतो. कापडी छत फुगले ते त्यामुळेच. माझ्या टपाचे क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटर आहे. आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक जास्तीत जास्त गतिज दाबाएवढा धरला, तर ताशी ७० मैलांना ४५० न्यूटन, म्हणजे ४६ किलोचा जोर त्याला वर ओढतो. इथल्या महामार्गावर ७० मैलांची मर्यादा आहे हे खरे, पण समोरून ३० मैलांचा वारा असला तर टपाच्या दृष्टीने वेग १०० मैलांचा होतो, आणि दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे तो जोर दुपटीहून थोडा जास्त, ९४ किलो होतो. टपाचे स्वतःचे वजन सहा किलो. सहा किलोची वस्तू ९४ किलोच्या जोराने आकाशाकडे निघाली असेल आणि मागून दुसऱ्या कोणाची गाडी येत असेल, तर हे गणित कागदावर सुटले म्हणून समाधान मानता येत नाही.

म्हणून टप तयार झाल्यावर मी त्याला लाकडी चौकटीत त्याच्याच खटक्यांवर आणि जिभांवर उलटा टांगला आणि आतल्या बाजूवर वाळूची चार पोती ठेवली, प्रत्येकी २५ किलोची. मधोमध टप सहा मिलिमीटर दबला. रात्रभर तसाच ठेवून सकाळी पोती उतरवली आणि पट्टी लावून पाहिले तेव्हा तो मूळ जागी परत आलेला होता. खटक्यांच्या बोल्टांभोवती बारीकशी चीरही नव्हती. ते पाहिल्यावर जिवात जीव आला.

आता घडणीबद्दल. टप फायबरचा आहे, पण एकसंध जाड थराचा नाही. बाहेरून काचतंतूच्या कापडाचे दोन थर, मध्ये १० मिमी जाडीचा कडक पीव्हीसी फोम आणि आतून पुन्हा दोन थर, अशी त्याची रचना आहे. जो भार वाकवू पाहतो तो वरच्या आणि खालच्या कातडीवर येतो, आणि मधला फोम त्या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवण्याचेच काम करतो. कातड्या जितक्या लांब, तितका तक्ता ताठ, आणि वजनात मात्र फारशी भर नाही. या रचनेची एक मेख आहे. फोम वाकण्याला विरोध करतो, पण बोल्ट आवळला की अंगठ्याखाली भाकरी दबावी तसा दबतो. त्यामुळे जिथे खटके आणि जिभा बसणार होत्या तिथला फोम कापून काढला आणि त्या जागी इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे सुकून टणक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेल्या प्लायवूडचे तुकडे बसवले.

साचा करताना माझी मोठी चूक झाली. मूळ आकार मी थर्माकोलच्या जाड पाट्या एकमेकींना चिकटवून, करवतीने आणि पॉलिशपेपरने घासून तयार केला होता. दोन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. मधोमध २५ मिलिमीटर उंची असलेला, चारही बाजूंना हलकेच उतरणारा तो आकार गुण्या आणि लेव्हल लावून पुन:पुन्हा तपासला होता. पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन थर्माकोल खाते हे मला ठाऊक होते, म्हणून सगळ्या पृष्ठभागावर पॅकिंगची चिकटपट्टी लावली होती. पण एका ठिकाणी दोन पट्ट्यांच्या मधला सांधा उकलला असावा. रेझिन ओतून ब्रश फिरवत होतो तेव्हा आधी काही दिसले नाही. मग कापड एका जागी किंचित खचले, उकळत्या दुधावरची साय फुटावी तशी त्यावर सुरकुती आली आणि पाहता पाहता तळहाताएवढा खड्डा पडला. कापड उचलून पाहिले तर खाली थर्माकोल राहिलेलेच नव्हते, चिकट पांढरा लगदा तेवढा होता. त्या रात्री गॅरेजचा दिवा मालवून घरात आलो आणि कोणाशी फारसे बोललो नाही.

दुसऱ्या खेपेस पॉलिएस्टरला रजा देऊन इपॉक्सी वापरले. ते थर्माकोलला धक्का लावत नाही, त्याला तो उग्र वासही नाही, आणि सुकताना ते कमी आकसते. महाग मात्र जवळजवळ तिप्पट पडले. आकारावर लांबी (पुट्टी) भरून ८० नंबरच्या पॉलिशपेपरपासून ६०० पर्यंत घासत गेलो, मेणाचे सहा हात दिले आणि त्यावर साचा उतरवला. तोपर्यंत डिसेंबर उजाडला होता. गॅरेजमध्ये तापमान आठ अंश, आणि इपॉक्सीला नीट कडक व्हायला वीसच्या वर हवे. साच्यावर लाकडी कमानी उभ्या करून त्यांवर घरातली पांघरुणे टाकली, त्यांत आईने शिवून दिलेली एक गोधडीही होती, आणि आत तेलाचा छोटा हीटर लावला. थर एकमेकांवर दाबून बसावेत म्हणून सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने तिच्यातली हवा काढून घेतली. हवा जाऊ लागली तशी पिशवी टपाला चामड्यासारखी चिकटत गेली आणि कापडाची वीण तिच्यातून स्वच्छ दिसू लागली. साऱ्या कामात मला सर्वांत आवडलेला क्षण तो.

पाण्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला. मी सुरुवातीला एकच विचार करत होतो की उत्तम प्रतीची रबरी बिडिंग आणायची, ती चोहोबाजूंनी दाबून बसवायची, की पाणी आत येणार नाही. तसे केलेही. बागेतला पाइप लावून पाहिले तेव्हा दहा मिनिटांत चार ठिकाणांहून पाणी आले. मी बिडिंग अधिक जाड आणली, तर टप बंद होईना. त्या आठवड्यात वडिलांशी फोनवर बोलताना मी हे सांगितले. आमचे मूळ घर दापोलीजवळ आहे, मातीच्या भिंतींचे आणि कौलारू. दर मे महिन्यात त्याची शाकारणी वडील स्वतः उभे राहून करून घेत. ते म्हणाले, “अरे, कौल कुठे पाणी अडवतं? ते पाणी खालच्या कौलावर सोडून देतं. तू तुझ्या टपावरचं पाणी कुठे सोडलंयस, ते आधी सांग.” माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण मी पाणी कुठेच सोडलेले नव्हते.

कौलारू घरात एकही सांधा हवाबंद नसतो, तरी कोकणातला पाऊस आत येत नाही. वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, उतार असतो, वळचणीला पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि जिथे दोन उतार मिळतात तिथे पन्हळ असते. मी टपाच्या पुढच्या कडेचा विचार याच रीतीने नव्याने केला. इथे एक अडचण घराला नसते अशी होती. आढ्याचे पाणी वळचणीला असे आपण म्हणतो, पण धावत्या गाडीत वळचणीचे पाणी आढ्याला चढते: ताशी ६० मैलांना पुढच्या काचेवरचे थेंब वारा वर ढकलतो आणि ते थेट टप आणि चौकट यांच्यातल्या फटीच्या तोंडाशी येऊन थडकतात. त्यामुळे टपाची पुढची कड १५ मिलिमीटर खाली वळवून चौकटीच्या बाहेरच्या अंगावर आणली. तिच्या मागे पहिली बिडिंग, तिच्यामागे १२ मिमी रुंदीची पन्हळ आणि पन्हळीच्या मागे दुसरी बिडिंग. पहिल्या बिडिंगने सगळे पाणी थोपवावे अशी अपेक्षाच ठेवली नाही. तिला चुकवून जे आत येते त्याचा जोर तोवर ओसरलेला असतो, ते पन्हळीत पडते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून काचेच्या खांबांच्या बाहेरून खाली उतरते. दुसऱ्या बिडिंगपर्यंत फारच थोडे पोचते.

बिडिंग तिच्या जाडीच्या एक तृतीयांश दबेल इतपतच दाबायची, हेही मला दोनदा करून कळले. त्याहून जास्त दाबली तर खटके लागत नाहीत आणि काही महिन्यांत रबर चपटे होऊन बसते. कोपऱ्यांत ती ४५ अंशांत कापून जोडणे दिसायला सुबक, पण गळती हमखास तिथूनच. मी टपाचे कोपरे ४० मिमी त्रिज्येने गोल केले, जेणेकरून बिडिंग न कापता वळेल, आणि तिचा एकुलता एक सांधा मागच्या बाजूला रोल बारच्या मधोमध नेला, कारण तिथे पाणी सर्वांत कमी असते.

बाजूच्या पडद्यांनी मात्र मला आश्चर्याचा सुखद धक्का दिला. वेगात बाहेरचा दाब कमी झाला की रेक्झिनचे पडदे बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि त्यांच्या वरच्या कडेला दोन बोटांची फट पडते. कापडी छताला हे दुखणे कायमचे होते. टपाच्या दोन्ही बाजूंना मी ३० मिमीची झालर पडद्याच्या बाहेरून खाली सोडली. आता पडदा बाहेर ओढला जातो तो त्या झालरीवर जाऊन दाबला जातो. वेग जितका जास्त, तितका सांधा घट्ट.

त्यानंतर पुन्हा पाइपची परीक्षा झाली. पत्नी आत बसली, हातात टॉर्च, आणि काचेच्या वरच्या कडेने, पडद्यांच्या कडेने व रोल बारखाली मी निळ्या रंगाचा टिपकागद चिकटवला होता; तो भिजला की लगेच गडद होतो. मी बाहेरून पाइप फिरवत होतो. बारा-तेरा मिनिटांनी तिने काच ठोकली. “अरे, थांब जरा. डाव्या कोपऱ्यात एक ठिपका आलाय, रुपयाएवढा.” तो ठिपका पन्हळीच्या डाव्या टोकाच्या भोकाशी होता. भोक सहा मिलिमीटरचे होते, आणि इतक्या लहान भोकात पाणी स्वतःच्याच ताणाने अडून राहते. मी ते आठ मिलिमीटर केले.

मागच्या भागासाठी टीआर४ चा कित्ता गिरवला. रोल बारच्या मागे तीन मिमी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक कडक प्लॅस्टिकची, खिडकी असलेला एक स्वतंत्र तुकडा आहे, तो हिवाळाभर जागेवरच राहतो आणि डोक्यावरचा टप तेवढा निघतो. पॉलिकार्बोनेट उन्हाथंडीत काचेपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. ९०० मिमी लांबीच्या तुकड्यात ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ अडीच मिलिमीटर. म्हणून स्क्रूंची भोके मुद्दाम मोठी ठेवून खाली रबरी वॉशर घातले. त्या स्क्रूंना आटे पकडून ठेवणारे द्रव्य कोणीही लावू नये; त्याने पॉलिकार्बोनेटला भोकापासून तडे जातात. या खिडकीच्या वरच्या कडेला ओठाखाली सहा मिलिमीटरची फट ठेवली आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे आतली दमट हवा बाहेर खेचली जाते, काचेवर धुके धरणे बरेच कमी होते आणि सगळे बंद असताना कानांना बसणारा घुमाराही उरत नाही.

काढलेला टप ठेवायचा कुठे, यावर मी बराच काळ अडलो होतो. मधून दोन भाग करावेत असे अनेकांनी सुचवले. पण एक काप म्हणजे पाण्याला आणखी एक वाट, आणखी दोन खटके, आणि ताठपणा गेलाच. फिआटजवळ बॉनेटखाली जागा होती, माझ्याजवळ तिथे इंजिन आहे. टीआर४ चा पत्र्याचा टपही गाडीत मावत नसे, म्हणून ट्रायम्फ त्याच्या जागी लावायला एक घडीचा कापडी तुकडा देई, तो डिक्कीत राहत असे. मी तेच केले. टप काढून निघालो तर तो गॅरेजच्या भिंतीवर दोन लाकडी खुंट्यांवर असतो, आणि डिक्कीत त्याच जिभा व खटके वापरून बसणारे कापड असते. ते महामार्गासाठी नाही, पुढच्या गावापर्यंत पोचण्यासाठी आहे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण आवर्जून. या टपाने कोणाचेही डोके वाचणार नाही. ते काम रोल बारचे आहे. टपाचे काम अडथळा न होणे एवढेच. दोन्ही खटके आतल्या बाजूला आहेत आणि दोन्हींपर्यंत ड्रायव्हरचा एकच हात पोचतो. डोळे मिटून, पट्टा लावलेल्या अवस्थेत दोन्ही उघडायला मला चार सेकंद लागतात, पत्नीला पाच. डोके आणि टपाची आतली बाजू यांत चार बोटांचे अंतर आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते. २००९ पासून तिला आयव्हीए म्हणतात. माझी गाडी त्या तपासणीतून गेली तेव्हा हा टप अस्तित्वात नव्हता. तरी बाहेरच्या कडांना किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी हा तिथला नियम मी टपाच्या प्रत्येक कडेला पाळला आहे. तो नियम पादचाऱ्याच्या अंगासाठी आहे, आणि पादचाऱ्याला कड कधी बसवली याच्याशी कर्तव्य नसते. विमा कंपनीलाही फोटोसह कळवले.

गेल्या शनिवारी पहाटेपासून रिपरिप लागली होती आणि आम्ही मुद्दामच गाडी काढली. टपावर पावसाचा आवाज येतो, पण तो कापडाच्या फडफडीसारखा नाही. पत्र्याच्या पडवीत बसल्यासारखा, एकसारखा आणि थोडा दूरचा. एम४० वर ७० मैलांना मी टपाच्या मधोमध तळहात टेकवून पाहिला. त्यात बारीक कंप होता, हालचाल नव्हती. चाळीस मिनिटे सगळे कोरडे होते. मग वॉरिकजवळ महामार्ग सोडला आणि मोठ्या राउंडअबाउटला वळसा घातला. इथे वळसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतो, त्यामुळे पन्हळीतले सगळे पाणी डावीकडे धावते. तिथले आठ मिलिमीटरचे भोक तेवढे एकदम घेऊ शकले नाही आणि पत्नीच्या डाव्या गुडघ्यावर एक थेंब पडला. तिने तो बोटाने पुसला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवले. घरी आल्यावर मी तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. या रविवारी भोक दहा मिलिमीटर करून पन्हळीची डावीकडची भिंत तीन मिलिमीटरने उंच करणार आहे.